नवतपा आणि टेबलाखालचा कॉम्प्युटर

रायपूरच्या मे महिन्यात माणसे कूलरसमोर बसतात, दुपारी खिडक्या लावून घेतात, ताक आणि कैरीचे पन्हे पितात. पण हौसेने बनवून घेतलेल्या टेबलाच्या बंद खणात कोंडलेल्या कॉम्प्युटरचे काय? त्याला थंड ठेवायला फार पैसे लागत नाहीत. लागते ती हवेची वाट ओळखण्याची नजर.

मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि छत्तीसगडात नवतपा सुरू होतो. विदर्भातून येऊन रायपुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे नऊ दिवस नवे नाहीत. नागपूर काय, चंद्रपूर काय आणि रायपूर काय, उन्हाची जात एकच. समुद्र दूर, जमीन सपाट आणि वारा कोरडा. पारा ४३ अंशांवर गेला तरी लोकांना आश्चर्य वाटत नाही आणि ४५ झाला तरच ती बातमी होते. माणसाने या उन्हाशी जुळवून घेण्याच्या रीती पिढ्यान्‌पिढ्या शोधल्या आहेत. छत्तीसगडातला शेतकरी रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीबरोबर बोरे-बासी म्हणून खातो. विदर्भातले जुने लोक वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून दुपार काढत.

पण गेल्या काही वर्षांत घरात एक नवा सदस्य आला आहे आणि त्याच्यासाठी अशी रीत अजून कोणी घालून दिलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर घराघरांत कॉम्प्युटरचा एक कोपरा कायमचा झाला. कुणी पुण्या-हैदराबादच्या कंपनीचे काम रायपुरात बसून करते, कुणाची मुलगी आर्किटेक्चरची चित्रे काढते, कुणाचा मुलगा अभ्यासाच्या नावाखाली खेळ खेळतो आणि खेळाच्या मधल्या वेळेत खरोखरच अभ्यासही करतो. लॅपटॉपवर भागत नाही म्हणून डेस्कटॉप येतो. डेस्कटॉप आला की टेबल हवे. आणि टेबल म्हटले की सुतार आलाच.

हौसेचे टेबल, बंद खण

बाजारातले तयार टेबल खोलीच्या मापाचे नसते. म्हणून आपण भिंतीची मापे घेतो, १८ मिलिमीटरचे प्लायवूड आणतो, सनमायकाचा रंग घरातल्या सर्वांना विचारून ठरवतो. तारा दिसू नयेत, धूळ बसू नये, लहान मुलांचा हात लागू नये म्हणून कॉम्प्युटरच्या डब्यासाठी खाली एक छानसा खण काढतो आणि त्याला कपाटासारखे दार बसवतो. दार बंद केले की खोली कशी नीटनेटकी दिसते! पाहुणे कौतुक करतात.

जानेवारीत हे सारे उत्तम चालते. एप्रिल उजाडला की तक्रारी सुरू होतात. पंख्याचा आवाज वाढतो. दुपारी काम करताना मशीन संथ होते. एखाद्या दिवशी, नेमके महत्त्वाच्या कामाच्या वेळी, पडदा काळा होतो आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो. घरचे म्हणतात, व्हायरस असेल. दुकानदार म्हणतो, रॅम वाढवा. दोष बहुतेक वेळा त्या सुंदर दाराचा असतो.

यामागचे गणित सोपे आहे. कॉम्प्युटर जेवढी वीज घेतो, त्यातली जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. जड काम करताना ३०० वॅट वीज घेणारा डेस्कटॉप म्हणजे त्या खणात लावलेला ३०० वॅटचा हीटरच. आरामात बसलेल्या एका माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे दीड फुटाच्या त्या कपाटात आपण तीन माणसे कोंडून दार लावले आहे, असे समजायला हरकत नाही. त्यात प्लायवूड उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. लोखंडी कपाट निदान तापून थोडी उष्णता खोलीत सोडते. लाकूड तीही सोडत नाही.

शिवाय अनेक कंपन्या आपल्या माहितीपत्रकात यंत्र वापरण्यासाठी खोलीचे तापमान १० ते ३५ अंश असावे, असे छापतात. मे महिन्यात रायपूरच्या वरच्या मजल्यावरची, नुसत्या पंख्यावर चालणारी खोली दुपारी ३५ च्या पुढे सहज जाते. यंत्र सुरू करण्याआधीच आपण त्याची मर्यादा ओलांडलेली असते.

पंखा माणसाला गार करतो, यंत्राला नाही

छताच्या पंख्याखाली बसल्यावर आपल्याला बरे वाटते ते घामामुळे. पंखा हवा थंड करीत नाही. तो घाम वाळवतो आणि घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कॉम्प्युटरला घाम येत नाही. त्याच्या पंख्याचे काम एवढेच की, धातूच्या पात्यांमध्ये साठलेली उष्णता हवेबरोबर बाहेर ढकलायची. म्हणून आतली चिप कधीही तिच्यावरून वाहणाऱ्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, मग पंखे दोन लावा की दहा.

समजा, खोलीत ३७ अंश आहेत. बंद खणात हवा आणखी दहा अंशांनी तापली, की ४७. जड काम चालू असताना चिप या हवेपेक्षा ४०-५० अंशांनी जास्त तापते. बेरीज नव्वदीच्या पुढे जाते. बहुतेक आधुनिक चिपा ९५ ते १०० अंशांच्या सुमारास स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद करून टाकतात. हा बिघाड नव्हे, स्वसंरक्षण आहे. भर दुपारी रिक्षावाला सावलीला थांबतो, तसेच.

मात्र बाकीच्या भागांना असे थांबता येत नाही. हार्ड डिस्कची मर्यादा साधारण ६० अंशांची असते. सर्वांत नाजूक जीव असतो तो यूपीएसच्या बॅटरीचा. शिसे-आम्लाच्या बॅटरीबाबत जाणकारांचा एक ठोकताळा आहे: २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य निम्मे होते. ज्या घरात यूपीएस कॉम्प्युटरशेजारी त्याच बंद खणात असतो, तिथे वर्ष-दीड वर्षात बॅटरी बदलावी लागली तर नवल नाही.

उष्णतेशी कॉम्प्युटरचे हे भांडण जन्मापासूनचे आहे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिअ‍ॅक यंत्रात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि ते दीडशे किलोवॅट वीज खात असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. नव्वदीच्या दशकात कार्यालयातल्या कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवायची पद्धत होती. खोलीत एसी असे आणि साहेबांच्या केबिनमध्ये नसे! त्या काळी आपण हसलो, पण त्या पद्धतीत दोन गोष्टी बरोबर होत्या. यंत्राला थंड हवा हवी आणि धूळ नको.

जुन्या घराचा झरोका

रायपूरच्या तात्यापारा, बुढापारा या जुन्या वस्त्यांतल्या घरांत कधी काळी राहिलेल्यांना आठवत असेल: जाड भिंती, उंच छत आणि छताला लागून एक झरोका. खालच्या दारातून हवा आत येई, तापून वर चढे आणि झरोक्यातून निघून जाई. टेबल बनवताना नेमके हेच करायचे आहे. खाली प्रवेश, वर निकास, आणि मध्ये अडथळा नाही.

आजच्या मोठ्या डेटा सेंटरमध्येही हीच युक्ती असते. मे २०२५ मध्ये नवा रायपूर येथे एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. अशा इमारतींमध्ये यंत्रांच्या रांगा एकमेकींकडे तोंड करून उभ्या करतात, म्हणजे एक गल्ली थंड हवेची आणि दुसरी गरम हवेची राहते. दोन्ही हवा एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, हा नियम. घरच्या टेबलातही बहुतेक चूक इथेच होते. खणाला भोक पाडलेले असते, पंखाही लावलेला असतो, पण बाहेर फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा त्याच खणात शिरते. यंत्र आपलाच उच्छ्वास पुन्हा श्वासात घेत राहते.

हवा किती लागते? ३०० वॅट उष्णता दहा अंशांच्या फरकाने बाहेर काढायची, तर सेकंदाला सुमारे २७ लिटर हवा वाहायला हवी. दीड फूट रुंद, दीड फूट खोल आणि दोन फूट उंच खणात जेमतेम १२५ लिटर हवा मावते. म्हणजे दर चार-पाच सेकंदांनी खणातली सगळी हवा बदलली पाहिजे. तारेसाठी पाडलेल्या रुपयाएवढ्या भोकातून हे होणार नाही, हे सांगायला इंजिनिअर नको.

सुताराला काय सांगाल?

सुतार आपल्या कामात निष्णात असतो, पण तो कपाट बनवतो ते वस्तू झाकण्यासाठी. हवेचे आपणच त्याला सांगायला हवे. टेबल अजून बनायचे असेल तर पुढील गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात.

खणाला मागची फळी लावूच नये. टेबल भिंतीपासून चार ते सहा इंच पुढे ठेवावे. डबा जमिनीवर न टेकवता दोन इंच उंच, चाकांच्या पाटावर ठेवावा. झाडू मारणे सोपे जाते आणि खालून हवा मिळते. डब्याच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन इंच आणि वर चार इंच जागा मोकळी असावी. दार हवेच असेल तर ते जाळीचे करावे. वेताची विणलेली जाळी खोलीला शोभाही देते. छिद्रांचा पत्रा वापरायचा असेल तर निम्मा भाग तरी उघडा असेल असा घ्यावा. एका १२० मिलिमीटरच्या पंख्याला श्वास घ्यायला अशा पत्र्याची सहा इंच लांब, सहा इंच रुंद तरी खिडकी लागते. दोन पंखे असतील तर दोन खिडक्या.

टेबल आधीच बनले असेल तर मोडायचे कारण नाही. पहिला उपाय फुकटचा आहे: दार काढून ठेवा. दुसरा उपाय तासाभराचा: मागची फळी उघडा किंवा तिच्या वरच्या भागात मोठा चौकोन कापून घ्या. तिसरा उपाय काही शे रुपयांचा: खणाच्या मागे वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारे १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसवा. हे पंखे १२ व्होल्टचे, कॉम्प्युटरच्याच आतल्या जोडणीवर चालणारे किंवा यूएसबीवर चालणारे घ्यावेत. प्रत्येक पंखा दोन-चार वॅट वीज खातो. घरातल्या २३० व्होल्टच्या तारा उघड्या जोडून जुगाड करू नये. लाकूड, धूळ आणि उघडी तार एकत्र आली की काय होते, ते सांगायला नको.

एक गोष्ट सुताराला आवर्जून सांगावी: यूपीएस आणि विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड खणाच्या बाहेर, हवेशीर जागी. आणि टेबल ठेवताना पश्चिमेची भिंत टाळावी. दुपारभर तापलेली ती भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असते. वरच्या मजल्यावर स्लॅबचेही तसेच. म्हणून व्हिडिओ तयार करणे, मोठी चित्रे काढणे अशी जड कामे पहाटे पाच ते नऊच्या दरम्यान उरकली, तर यंत्र आणि माणूस दोघेही सुखी राहतात.

उदबत्तीची परीक्षा

बदल केल्यावर तो उपयोगी पडला की नाही, हे कसे कळणार? घरातलीच दोन साधने पुरेशी आहेत. पहिले साधन उदबत्ती. कॉम्प्युटर सुरू करून, हातात उदबत्ती धरून खणाच्या खालच्या जाळीजवळ न्या. ती लाकडाला आणि तारांना लागणार नाही, एवढे पाहा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग मागे वर धरा. धूर बाहेर, दूर गेला पाहिजे. तो वळून पुन्हा खाली येत असेल तर टेबल भिंतीपासून आणखी पुढे ओढा.

दुसरे साधन खोलीचा साधा थर्मामीटर. अर्धा तास काम झाल्यावर खणातले आणि खोलीतले तापमान मोजा. फरक पाच अंशांच्या आत असेल तर उत्तम. दहाच्या वर असेल तर हवेला वाट नाही. चिपचे तापमान पाहायला फुकट मिळणारे प्रोग्रामही आहेत. नेहमीचे काम करताना आकडा ऐंशीच्या आत असावा.

कूलर मित्र, पण जपून

रायपुरात एसीपेक्षा कूलरवर भरवसा ठेवणारी घरे पुष्कळ. कोरड्या उन्हाळ्यात कूलर खरोखर किमया करतो. बाहेर ४३ अंश आणि हवेत दमटपणा २० टक्के असताना चांगला भिजलेला कूलर तीस-एकतीस अंशांची हवा देऊ शकतो. ही हवा कॉम्प्युटरलाही मानवते. अडचण दोन ठिकाणी आहे.

एक म्हणजे कूलरचा झोत थेट यंत्रावर नको. पाण्याचे बारीक थेंब आणि त्यातले क्षार आत जाऊन बसतात. जड पाण्याने कूलरच्या गवताच्या ताट्यांवर जसा पांढरा थर चढतो, तसाच थर चिपच्या पात्यांवर नको असेल, तर कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. आणि समोरची एक खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा साचत नाही. दुसरे म्हणजे जूनच्या मध्यावर पाऊस आला की कूलरची किमया संपते. हवेत ८० टक्के दमटपणा असताना तो जेमतेम एक-दोन अंश कमी करतो आणि खोली ओली करतो. तेव्हा पाणी काढून नुसता पंखा चालू ठेवावा.

काही घरांत डब्यावर ओले फडके टाकतात, कुणी बर्फाची पिशवी ठेवतात. माया चांगली, उपाय घातक. पाणी आणि वीज यांची गाठ पडू देऊ नये. पाण्यावर चालणारी तयार शीतक यंत्रणा बाजारात मिळते, ती बंद नळीची असते आणि चिपची उष्णता चांगली ओढते. पण तीही ती उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत सोडते. खण बंद असेल तर तिचाही नाइलाज होतो.

काळी धूळ

रायपूरची आणखी एक खासियत गृहिणींना सांगायला नको. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी पुन्हा काळी. उरला आणि सिलतरा भागांतल्या स्पंज आयर्न कारखान्यांची काजळी शहरातल्या गच्च्यांवर बसते, ही इथली जुनी तक्रार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली काढलेल्या, बारीक धूलिकणांनी प्रदूषित शहरांच्या यादीत रायपूरचे नाव पहिल्या दहांत होते. जी धूळ आपल्या फुप्फुसांत जाते, तीच कॉम्प्युटरच्या पंख्यातही जाते. पात्यांवर तिचे कांबळे झाले की पंखा कितीही फिरला तरी हवा आत जात नाही.

यावर उपाय म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तोंडाशी बारीक जाळी. चुंबकाने चिकटणाऱ्या तयार जाळ्या मिळतात. दर पंधरा दिवसांनी ती धुऊन, पूर्ण वाळवून लावावी. पाली, झुरळे आणि मुंग्याही तिने अडतात. यांनी बंद पाडलेली यंत्रे आपल्याकडे कमी नाहीत. वर्षातून दोनदा, एकदा होळीनंतर आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, वीज काढून डबा उघडावा, मऊ ब्रश आणि हवेच्या फुंकणीने झाडावा. फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, भरकन फिरू देऊ नयेत. वीजपुरवठ्याचा आतला चौकोनी डबा मात्र कधीही उघडू नये. बंद केल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असते. चिपवरचा उष्णतावाहक लेप तीन-चार वर्षांनी वाळतो. तो जाणकाराकडून मुगाच्या दाण्याएवढा नव्याने लावून घेतला की जुन्या यंत्राचे तापमानही खाली येते.

एसी कुणासाठी?

शेवटी प्रश्न येतो तो घराघरांतल्या खऱ्या भांडणाचा. घरात एकच एसी. तो मुलाच्या कॉम्प्युटरच्या खोलीत लावायचा की आजी झोपते त्या खोलीत? एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. ३०० वॅटचा कॉम्प्युटर त्याचा बारावा हिस्सा खातो, म्हणजे यंत्र एसीच्या खोलीत राहायला हरकत नाही. पण केवळ कॉम्प्युटरसाठी एसी घेण्याची गरज बहुतेक घरांत नसते. दार काढलेला खण, दोन पंखे, धुतलेली जाळी आणि जड कामाला पहाटेची वेळ, एवढ्यावर बहुतेक घरगुती यंत्र नवतपा निभावून नेते.

माणसाचे मात्र तसे नाही. वय झालेल्या शरीराला चिपसारखा वेग कमी करून सावरता येत नाही. ४४ अंशांच्या दुपारी म्हाताऱ्या माणसांना उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. त्यात लहानशा खोलीत रात्रभर चालणारा कॉम्प्युटर म्हणजे तीन माणसांची ऊब अधिक. आजी त्याच खोलीत झोपत असेल तर रात्री यंत्र बंद ठेवणे हा शिष्टाचार नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे. थंड हवेवर पहिला हक्क घरातल्या वडीलधाऱ्यांचा आणि लहानग्यांचा. यंत्राचा नंबर त्यानंतर.

आणि कितीही काळजी घेतली तरी एखादी दुपार यंत्र जिंकू देत नाही. म्हणून मुलीचा प्रकल्प, लग्नाचे फोटो, कामाची कागदपत्रे यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती कपाटात, यंत्रापासून दूर ठेवावी. टेबल पुन्हा बनवता येते, बॅटरी बदलता येते. आजोबांचा शेवटचा फोटो पुन्हा काढता येत नाही.

उन्हाळ्याआधी एवढे पाहून घ्या

• खणाचे दार काढले किंवा जाळीचे केले आहे का?
• टेबल आणि भिंत यांत चार ते सहा इंच अंतर आहे का?
• हवा खालून आत आणि वरून बाहेर जाते का? उदबत्तीने पाहा.
• यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड खणाबाहेर आहेत का? अर्थिंग तपासून घेतले का?
• होळीनंतरची साफसफाई झाली का?
• कूलरचा झोत यंत्रावर थेट येत नाही ना?
• लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून वापरला जात नाही ना? त्याचा श्वास खालून चालतो, म्हणून त्याला लाकडी पाट किंवा स्टँड द्या.
• महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत काढली का?